जर्मनीत इनऑरगॅनिक केमिस्ट्रीची प्राध्यापकी: मृणालच्या प्रश्नांना उत्तर

मृणाल,

तू तीन गोष्टी विचारल्यास. पुण्यातली, एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतली पीएचडी संपल्यावर पोस्टडॉकला, म्हणजे त्यापुढच्या मुदतीच्या संशोधनाला, जर्मनीत यावं का, पुढे इथेच प्राध्यापकी मिळेल का, आणि पुण्यात नोकरीला असलेल्या तुझ्या नवऱ्याचं काय. पहिल्याचं उत्तर 'हो' आहे. दुसऱ्याचंही 'हो', पण त्याला मुदत आहे. ती मला वेळेवर कुणी सांगितली नव्हती, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहितो.

इथे 2007 पासून एक कायदा आहे. विद्यापीठात मुदतीच्या करारावर पीएचडीआधी सहा वर्षं आणि नंतर सहा वर्षं राहता येतं. मूल झालं तर दोन वर्षं वाढू शकतात, आणि बाहेरच्या प्रकल्पाच्या पैशावरच्या कराराचा नियम वेगळा आहे. आपल्याकडे एकदा कॉलेजात कायम झालं की माणूस त्याच जागी राहून वर चढत जातो. इथे प्राध्यापकाच्या खाली कायमच्या जागा फार थोड्या. शिवाय स्वतःच्याच विद्यापीठात प्राध्यापक म्हणून सहसा घेत नाहीत, गाव सोडावंच लागतं. ज्याच्या नावाची श्लेंक लाइन, हवा लागू न देता काम करायची ती काचेची मांडणी, तू रोज वापरतेस, तो विल्हेल्म श्लेंक म्युनिकचा. तिथून येना, मग व्हिएन्ना, बर्लिन आणि शेवटी ट्युबिंगेन.

माझं काय चुकलं ते सांगतो. दोन पोस्टडॉक झाले होते, पेपर चांगले होते, सगळे सिलिलीन या सिलिकॉनच्या संयुगांवर, म्हणजे माझ्या बॉसच्याच विषयावर. एका विद्यापीठाने व्याख्यानाला बोलावलं. ते नीट झालं. मग समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "यातला तुमचा प्रश्न कोणता?" मला उत्तर देता आलं नाही. निवड समिती शेवटी साधारण तीन नावांची यादी करते. त्यात माझं नाव नव्हतं, आणि करार संपायला चार महिने उरले होते. त्या चार महिन्यांत घरी फोन करायचंही मी टाळत होतो. पुढे एका प्रकल्पावर कसाबसा करार मिळाला आणि मी बिस्मथ या धातूकडे वळलो, कारण त्या गटात बिस्मथला कुणी हात लावत नव्हतं. संध्याकाळी सहानंतर ग्लोव्हबॉक्स, म्हणजे आत हवा न शिरणारी हातमोजे लावलेली पेटी, रिकामा मिळायचा. दीड वर्षाने एक्स-रेला लावण्याजोगा पहिला स्फटिक आला. पुढच्या प्रत्येक मुलाखतीत मी त्याच्याबद्दलच बोललो.

म्हणून पोस्टडॉकची जागा निवडताना नावाजलेला गट एवढंच बघू नकोस. जाताना स्वतःचा विषय बरोबर नेता येईल का, हे पहिल्याच बोलण्यात विचार. चांगला माणूस या प्रश्नाने रागावत नाही. गॉटिंगेनला हर्बर्ट रोस्की यांच्याकडे किती भारतीय शिकले! त्यांतले अनेक आज आपल्या आयआयटी आणि आयसरमध्ये स्वतःचे गट चालवतात. 2000 साली त्याच गटातून एकसंयुजी ॲल्युमिनियमचं संयुग आलं, आणि त्यावर जगभर लोकांनी आपापली कामं उभी केली. इनऑरगॅनिकवाल्यांना इथे एक फायदाही आहे. हवा लागली की पेट घेणारी संयुगं सांभाळणारा हात कुठल्याही प्रयोगशाळेला हवा असतो. तो तुझ्याकडे आहे.

पैशाचं: करार आणि स्टायपेंड यांतला फरक आधी समजून घे. करारावर पोस्टडॉकला सरकारी वेतनश्रेणी मिळते, ई-13, आणि आरोग्यविमा व पेन्शनचा वाटा पगारातूनच कापला जातो. स्टायपेंडवर विमा आपला आपण बघायचा, पेन्शन जमत नाही. तरी परदेशी संशोधकांसाठीची हुम्बोल्ट फेलोशिप, तीही स्टायपेंडच, मिळत असेल तर सोडू नकोस. पीएचडीनंतर चार वर्षांच्या आत अर्ज करायचा, मुदत सहा ते चोवीस महिने. सोबत जर्मन शिकायची सोय आहे, बरोबर आलेल्या जोडीदारालाही. नवऱ्याला कुटुंब म्हणून परवाना मिळाला की नोकरी करायची मुभा असते. मात्र लहान विद्यापीठाच्या गावात त्याच्या क्षेत्रातलं काम मिळेलच असं नाही, हे दोघांनी मिळून आत्ताच बोला.

भाषा हा विषय मी टाळला आणि त्याची किंमत दिली. प्रयोगशाळेत इंग्रजीवर भागतं. पण प्राध्यापक झालीस की मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल तुझ्याकडे येऊ शकतं, आणि ते जर्मनमध्ये असतं. विभागाच्या बैठकाही जर्मनमध्येच. पुण्यात जर्मन शिकवणारं मॅक्सम्युलर भवन आहे, प्रबंध टंकायला लागण्यापूर्वी तिथे नाव घाल.

स्वतंत्र व्हायच्या दोन वाटा मुख्य आहेत. एक एमी नोएथर कार्यक्रम, म्हणजे तरुण संशोधकांसाठीचा जर्मन संशोधन निधी, सहा वर्षं स्वतःचा गट. त्यालाही पीएचडीनंतर साधारण चार वर्षांचीच मुदत. दुसरी ज्युनियर प्रोफेसर, तीही साधारण सहा वर्षं, मध्ये एकदा मूल्यमापन. पुढे कायमचं बोलावणं आलं तर त्याला इथे 'रूफ' म्हणतात, म्हणजे हाक. हाक आली की लगेच हो म्हणू नकोस. विद्यार्थ्यांच्या किती जागा, किती ग्लोव्हबॉक्स, विभागात काचकाम करणारा माणूस आहे का, हे सगळं त्याच वेळी लिहून घ्यायचं असतं. नंतर मागितलेलं मिळवायला फार झगडावं लागतं. मी काचकाम विचारायला विसरलो आणि पहिलं वर्ष तडकलेले फ्लास्क दुसऱ्या गावी दुरुस्तीला पाठवत काढलं.

तुझ्या पुढच्या संशोधनाची दोन पानं लिहून मला पाठव. पाठवण्याआधी त्यात गाईडचं नाव किती वेळा येतं ते मोज. प्रत्येक वाक्यात येत असेल तर महिनाभर थांब, पुन्हा लिही आणि मग पाठव. मी वाचून फोन करतो.