परदेशी हा शब्द हिणवणारा आहे का?

प्रश्न असा आलाय की आडनाव परदेशी, घरात चार पिढ्या मराठीच बोलतात, तरी नवीन ठिकाणी कुणीतरी विचारतंच, "म्हणजे तुम्ही परप्रांतीय ना?" मग हा शब्द मुळातच हिणवणारा आहे का?

फॉरेनचा हा अर्थ सगळ्यांना माहितीये, तो सोडतो. खरी गंमत 'देश'मध्ये आहे. धातू दिश्, म्हणजे दाखवणं. त्यातूनच दिशा, निर्देश, आदेश, संदेश, आणि देश म्हणजे बोट करून दाखवलेली जागा! लॅटिनमधला इंडेक्स, म्हणजे तर्जनी, हासुद्धा याच मुळाच्या भावकीतला, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला प्रचंड आनंद झाला होता. तर देश केवढा, हे बोट कुठवर जातं त्यावर. कोकणातला माणूस घाट चढून वर गेला की 'देशावर' गेला. देशमुख-देशपांडे काही राष्ट्राचा कारभार बघत नव्हते, परगण्याचा बघत होते. आता देश परगण्याएवढा असेल तर परदेशी व्हायला समुद्र ओलांडावा लागत नाही. उत्तरेकडून फौजेत, चाकरीत आलेल्यांना इथे परदेशी म्हणायचे ते याच अर्थाने, दुसऱ्या मुलखातला, बस. तो माणसाचा पत्ता होता. माझं तर ठाम मत आहे की हा शब्द बोचायला लागला तो १९०५ च्या स्वदेशी चळवळीनंतर, देश म्हणजे अख्खं राष्ट्र हा अर्थ घराघरात पोचला आणि जुनं आडनाव आपसूक राष्ट्राबाहेर ढकललं गेलं. छोटे कोश 'परदेशी म्हणजे विदेशी' एवढं छापून मोकळे होतात, हा निव्वळ आळस आहे, आणि त्याची किंमत ही आडनावं लावणारे मोजतात.

आणि परप्रांतीय! संपादक मंडळी म्हणतात हा न्यूट्रल, सभ्य शब्द. अजिबात पटत नाही. या अर्थाचा प्रांत ही इंग्रजांच्या काळातली विभागणी, २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली आणि प्रांत संपले, राज्यं आली, नागरिकत्व सगळ्या देशाचं एकच, आणि कलम १९ प्रमाणे भारतात कुठेही राहायचा, स्थायिक व्हायचा हक्क. नसलेल्या प्रांतावरून माणसाला परका ठरवायचं? बरं, तो प्रांत तरी बघा. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता, म्हणजे कराचीचा माणूस मुंबईकराच्या आपल्या प्रांतातला, आणि नागपूरचा मराठी माणूस मध्य प्रांतातला, म्हणून परप्रांतीय! औरंगाबादचा तर निजामाच्या राज्यातला. विदर्भ-मराठवाडा मुंबई राज्यात आले १९५६ साली, महाराष्ट्र झाला १९६० साली. आज ज्यांच्या तोंडी हा शब्द फार असतो त्यातल्या कितीतरी जणांचे आजोबा याच हिशोबाने मुंबईत परप्रांतीय ठरले असते. घाटीचंही तेच, घाटावरून आलेला एवढाच अर्थ, आणि मुंबईत मराठी माणसानेच मराठी माणसाला हिणवायला तो वापरला.

हां, आडनावाचं राहिलं. परदेशी शब्दात मुळात हिणवणं नाही. हिणवणं आहे ते "परप्रांतीय ना?" मध्ये, आणि त्या माणसाला खुशाल विचारा, कुठला प्रांत म्हणताय?