आधी गोष्टी, कादंबरी नंतर

प्रश्न : नमस्कार ताई, मी बदलापूरला राहते, ठाण्याला एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. मुलगा दुसरीत, मुलगी नर्सरीत. लग्नाआधी भरपूर वाचायचे, कॉलेजात तर रात्र रात्र जागून पुस्तकं संपवलीयत, पण मुलगा झाल्यापासून एकही पुस्तक शेवटपर्यंत गेलेलं नाही. हौसेने एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी आणली, ती सुरुवातीलाच अडकलीये. दर वेळी उघडली की कोण कोणाचा मामा तेच आठवत नाही, मग मागे जायचं आणि तेवढ्यात कुणीतरी उठतंच. रात्री मुलं झोपली की मोबाईल हातात येतो आणि वेळ कुठे जातो कळत नाही. माझी एकाग्रताच गेलीये का हो? आणि वेळ काढू तरी कुठून?

उत्तर : एकाग्रता कुठेही गेलेली नाही. महिनाअखेरीला तुम्ही हिशोब जुळवता ना, तो काय एकाग्रतेशिवाय जुळतो?

अडचण तुम्हीच लिहिलीये, कोण कोणाचा मामा. मोठी कादंबरी रोज थोडी थोडी वाचली तरच डोक्यात राहते, तुमच्या दोन बैठकांमध्ये चार-पाच दिवस सहज जात असणार, कुणाला ताप, कुणाचं प्रोजेक्ट, ऑफिसचं क्लोजिंग. तेवढ्यात नावं, नाती, कुठला गड कोणाकडे हे सगळं पुसलं जातं, मग मिळालेली वीस मिनिटं मागची पानं चाळण्यातच संपतात आणि पुस्तक हातात घ्यायचंच नको वाटायला लागतं. मोबाईल तिथेच जिंकतो, त्यात मागचं काही लक्षात ठेवावं लागत नाही. म्हणून म्हणते, ती कादंबरी सध्या कपाटात ठेवून द्या, आणि एका बैठकीत पूर्ण होईल असंच वाचा. गोष्टी, व्यक्तिचित्रं, ललित लेख. काहीतरी वाचून संपवलं ही भावना कितीतरी दिवसांत मिळालेली नाहीये तुम्हाला, ती आधी मिळू दे.

व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' घ्या. 1949 सालचं पुस्तक, पण भाषा इतकी स्वच्छ की कुठे अडत नाही, एका वेळी एक माणूस वाचायचा आणि मिटून ठेवायचं, पुढचा आठवड्याने वाचलात तरी काही बिघडत नाही. त्यातला 'झेल्या' आधी वाचा, एक मास्तर आणि त्यांच्या शाळेतलं एक पोरगं, तुमचा मुलगा दुसरीत आहे म्हणून मुद्दाम सांगतेय. त्यानंतर प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या गोष्टी, 'वनवास'पासून सुरुवात करा. आजी-आजोबांकडे राहणारा शाळकरी मुलगा स्वतःच सगळं सांगतोय, घरात त्या वयाचं मूल असलं की त्या गोष्टी फार जवळच्या वाटतात. आणि दिवाळी अंक! 1909 मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हापासून आपल्याकडे ही सोय आहे, पाहिजे तिथून उघडा, कथा वाचा, कविता सोडा, कुणी विचारत नाही.

पुस्तकं विकत आणायची घाई नको, वाचनालयाचं सभासद व्हा. आपल्याकडे 1967 च्या ग्रंथालय कायद्यामुळे सरकारी अनुदानावर चालणारी वाचनालयं गावोगावी आहेत, थोडी अनामत, थोडी वर्गणी, बस. दिवाळीनंतर बऱ्याच ठिकाणी अंकांची वेगळी योजना असते, एकदा पैसे भरायचे आणि एकेक अंक बदलून नेत राहायचं. याचा मोठा फायदा म्हणजे परत करायची तारीख. पुस्तकाच्या मागच्या पानावर चिकटवलेल्या कागदावर तो शिक्का दिसला ना की आपोआप वाचलं जातं, घरच्या पुस्तकाला असली तारीख नसते म्हणून ते राहतं. पुस्तक नाही आवडलं तर अर्ध्यावर परत द्या, अजिबात वाईट वाटून घेऊ नका.

आता वेळ. सकाळच्या लोकलमध्ये वाचा असं मी सांगणार नाही, बदलापूरहून ठाण्याला येताना हातच वर करता येत नाही तिथे पुस्तक काय उघडणार. मुलगा होमवर्कला बसतो तेव्हा तुम्ही शेजारी बसत असणार, ती वेळ घ्या. तो लिहितोय, तुम्ही वाचताय, त्याने मधे पाच वेळा विचारलं तरी गोष्ट छोटी असल्यामुळे धागा तुटत नाही. होमवर्क झालं की त्याला 'किशोर' द्या, बालभारतीचं मासिक आहे, 1971 पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या वेबसाइटवर फुकट वाचता येतात. रात्री मात्र फोनचा चार्जर स्वयंपाकघरात आणि पुस्तक उशाशी, एवढी एकच गोष्ट कडक पाळा, बाकी कुठलाही नियम मी घालणार नाही. आणि मुलीला झोपताना जे वाचून दाखवता ना, तेही वाचनच आहे, ते धरा.

दोन-तीन महिन्यांनी रोज थोडं का होईना वाचणं व्हायला लागलं की ती कादंबरी काढा. एक कोरा कागद खुणेसाठी आत ठेवा आणि वाचता वाचता पेन्सिलने लिहीत जा, नाव, कोणाचा कोण, कुठल्या बाजूचा. मागची पानं चाळायला नकोत.

प्रश्न : मी चाकणला शिफ्टमध्ये काम करतो, घरी आलो की डोळे मिटतात. कंपनीच्या बसमध्ये ऑडिओबुक ऐकतो, बायको म्हणते हे वाचन नाही. तुमचं काय मत?

उत्तर : दादा, बिनधास्त ऐका. आपल्याकडे कीर्तनं आणि पोथ्या ऐकतच पिढ्या शहाण्या झाल्या. फक्त थांबून एखादं वाक्य परत बघावं असं ऐकताना होत नाही, म्हणून जी गोष्ट आवडली तिचं पुस्तक सुट्टीच्या दिवशी मिळवा आणि ती मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. तुमची ऐकलेली असल्यामुळे कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा ते बरोबर जमेल, आणि बायकोलाही बसवा ऐकायला.