अमेरिकेत एफएमएलए रजेसाठी कोणता आजार ‘गंभीर’ धरतात?

पाच दिवसांचा फ्ल्यू या रजेसाठी ‘गंभीर’ ठरतो का आणि पुण्यातील आईच्या शस्त्रक्रियेसाठी ती मिळते का, असे तुम्ही विचारले आहे. स्वतःच्या किंवा घरच्यांच्या आजारपणासाठी रजा देणाऱ्या १९९३ च्या फॅमिली अँड मेडिकल लीव्ह कायद्यात (एफएमएलए) गंभीर आजारांची यादी दिलेली नाही. माणसाला किती दिवस काम करता आले नाही आणि त्या काळात उपचार कोणते चालू होते, यावर सारे ठरते.

रुग्णालयात एक रात्र दाखल राहावे लागले, तर प्रश्नच मिटला. एरवी सलग तीन पूर्ण दिवसांहून अधिक काळ (यात शनिवार-रविवारही मोजतात) काम अशक्य झालेले असावे, पहिल्या सात दिवसांत डॉक्टरांनी तपासलेले असावे, आणि पुढे तीस दिवसांच्या आत दुसरी तपासणी तरी व्हावी किंवा त्यांनी लिहून दिलेला औषधोपचार तरी चालू असावा. तेव्हा दुकानातून आणलेल्या गोळ्या घेऊन आणि पेज पिऊन तुम्ही घरीच पडून राहिला असाल, तर तो फ्ल्यू यात बसत नाही. त्यातूनच न्यूमोनिया होऊन डॉक्टरांनी अँटिबायोटिकचा कोर्स दिला असता, तर बसला असता. दमा, मधुमेह, अपस्मार अशा जुनाट दुखण्यांना तीन दिवसांची अट नाही. वर्षातून किमान दोनदा त्यासाठी डॉक्टरांकडे जाणे होत असेल, तर एका दिवसाचा त्रासही चालतो. गरोदरपणाचेही तसेच.

आईसाठी ही रजा मिळते, मग ती भारतात राहत असली तरी. सासू-सासऱ्यांसाठी मात्र मिळत नाही. सासूचे आजारपण सून काढते, हे या कायद्याच्या गावी नाही.

माझ्या वडिलांचे साताऱ्यात खुब्याचे हाड मोडले, तेव्हा मी डिस्चार्ज कार्डाचा फोटो पाठवून मोकळा झालो. त्यावर निदान, गोळ्यांची नावे आणि ‘विश्रांती’ एवढेच होते, त्यामुळे कंपनीने ते अपुरे ठरवून दुरुस्तीसाठी नियमाप्रमाणे सात दिवस दिले. मग हाडांच्या डॉक्टरांनी डब्ल्यूएच-३८०-एफ हा फॉर्म (घरच्याच्या आजारपणाचे डॉक्टरी प्रमाणपत्र) भरताना ‘आठ आठवडे चालण्यास, अंघोळीस व शौचास दुसऱ्याचा आधार लागेल’ असे लिहिले आणि रजा मंजूर झाली. घरच्याची देखभाल का आणि किती दिवस लागणार, हे त्या कागदावर दिसावे लागते. भारतात राहणाऱ्या नातेवाइकासाठी तेथील डॉक्टरांचे प्रमाणपत्र कंपनीला स्वीकारावेच लागते; ते मराठीत असेल आणि कंपनीने मागितले, तर इंग्रजी भाषांतर तुम्ही द्यायचे.

रजा वर्षाला बारा आठवडे, बिनपगारी. त्यासाठी तुमच्या कामाच्या ठिकाणापासून ७५ मैलांच्या आत कंपनीचे किमान ५० कर्मचारी हवेत, तुमची बारा महिने नोकरी झालेली हवी आणि मागील वर्षात १,२५० तास भरलेले हवेत. शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल, तर तीस दिवस आधी कंपनीला कळवा आणि फॉर्म मागून घ्या. तो भरून देण्यास साधारण पंधरा दिवस मिळतात, आणि पुण्यातील डॉक्टरांची सही मिळवण्यातच त्यांतले बरेचसे जातात.