मुशीत टाकू नकोस

अरे,

तुझा मेसेज रात्री वाचला, सकाळी परत वाचला आणि दोन्ही वेळा एकाच वाक्याशी अडकले. तू लिहिलंयस की कोंदणाच्या सगळ्या फसलेल्या चांदीच्या अंगठ्या तू स्टुडिओतल्या मोठ्या मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, टाकून वितळवून टाकल्यास, "निदान लगड तरी झाली." बाकीचं म्हणजे शेजारच्या बेंचवरचा तो भराभर माल काढतो, तुझा हात चालत नाही, कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवरचं डिझाइन, शिकून कास्टिंगला, म्हणजे साच्यात ओतून पीस करायला, लागू का, का वेगळी खोली बघू, हे सगळं नंतर बोलू. आधी मुशीचं.

फसलेला पीस मुशीत टाकू नकोस. हे मी तुला आल्यापासून सांगतेय, तू मान डोलवतोस, आणि मी पाठ वळवली की टाकतोस.

मला कळतं का टाकतोस ते. समोर वेडंवाकडं काही पडलेलं नको असतं, त्यात सगळे एकाच खोलीत बसलेले, जाता येता प्रत्येकाचं लक्ष तुझ्या बेंचवर. आणि आपला धातू भारी समजूतदार आहे ना, तीच गोची आहे. सुताराने फळी चुकीची कापली की ती कोपऱ्यात उभी राहून त्याला महिनाभर टोचत राहते. आपल्याकडे पाच मिनिटांत पुरावा नष्ट, वजन तेवढंच, कुणाला काही कळत नाही. तुलाही कळत नाही, हाच तर माझा मुद्दा आहे!

तुझ्या एका अंगठीचा फोटो माझ्याकडे राहिलाय, मागे पाठवलेलास तो. आज तो मोठा करून बघितला. कोंदणाची भिंत एका बाजूला खाली बसलीय, वरची कड गोल होऊन चकाकतेय, म्हणजे तिथे धातू वितळायला लागला होता. आणि बरोबर समोरच्या बाजूला सोल्डरचा, म्हणजे जोड देणाऱ्या मिश्रधातूचा, तुकडा गोळी होऊन पट्टीवर बसलाय, पळालाच नाहीये, म्हणजे जोडात पसरलाच नाही. एका बाजूला वितळेपर्यंत गरम आणि दुसरीकडे सोल्डर पळण्याइतकंही नाही, एकाच वेळी, नखाएवढ्या वस्तूत. म्हणजे तू ज्योत वरून, एकाच बाजूने, सरळ भिंतीवर धरलीस. भिंत पातळ, ती आधी तापणार, खालची पट्टी जाड, ती मागे राहणार, आणि सोल्डर तर जिकडे जास्त उष्णता तिकडे पळतं. जाळीवर ठेवून खालून पट्टी तापवली असतीस, तुकडे आतल्या बाजूने भिंतीला टेकवून ठेवले असतेस, तर भिंत वाचली असती. हे सगळं एका धूसर फोटोतून कळलं. अंगठी हातात असती तर भिंगाखाली अजून बरंच दिसलं असतं, भिंतीची खालची कड सपाट घासली होती का, पट्टीवर चारही बाजूंनी टेकत होती का. सोल्डर फट भरत नाही रे, कितीही घाल. पण आता ते बघायचं कसं? लगडीला विचारू?

यूट्यूबवर बघून तुला वाटतं की टॉर्च धरली की झालं. तिथे फसलेलं कापून टाकतात आणि उरलेलं फास्ट करून दाखवतात, मग तुला वाटतं की आपलाच हात खराब. हात खराब नाहीये, मार्जिनच कमी आहे. स्टर्लिंग म्हणजे हजारात 925 भाग चांदी आणि उरलेलं बहुतेक तांबं. शुद्ध चांदी वितळते 961 अंशांच्या वर, पण स्टर्लिंग 800च्या आसपासच ढिलं पडायला लागतं, आणि हार्ड सोल्डर, म्हणजे जास्त उष्णता लागणारं, पळतं त्याच्या अगदी थोडं खाली. मधे जी चिंचोळी जागा आहे तिथे तुला थांबायचंय, डोळ्याने रंग बघून, जोडावर लावलेला टाकणखार काचेसारखा पातळ झाला का ते बघून. ही जागा कुणी सांगून कळत नाही. अलीकडचा पीस आणि पलीकडचा पीस शेजारी ठेवले की कळते. आणि तू दोन्ही मुशीत टाकतोस.

बरं, त्या लगडीचं काय करणार आहेस? पत्रा करायला रोलरमधून काढशील तर कडेने चिरा पडतील, वर बारीक भोकं दिसतील, मग मला येऊन विचारशील की मी नीट तापवून मऊ केलं होतं तरी असं का. अरे, त्या प्रत्येक अंगठीत सोल्डर होतं आणि सोल्डरमधे जस्त असतं. ते सगळं एकत्र वितळलं की चांदी 925 राहत नाही आणि धड वागतही नाही. शिवाय वितळलेली चांदी हवेतला ऑक्सिजन ओढून घेते, थंड होताना तो फसफसत बाहेर येतो, त्याची भोकं वेगळी. आणि ती मूस सगळ्यांची आहे, आधीच्या माणसाने तिच्यात पितळ टाकलं नसेल याची खात्री तू देतोस? मी नाही देत. सोल्डर लागलेला तुकडा परत वापरायच्या धातूत जात नाही, तो रिफायनरच्या, म्हणजे धातू परत शुद्ध करून देणाऱ्याच्या, डब्यात जातो. घासताना पडलेला कीसही तसाच, आधी चुंबक फिरवून करवतीच्या पात्याचं आणि कानशीचं पोलाद काढायचं आणि चांदीचा, सोन्याचा कीस वेगवेगळा. हे तुला माहीत आहे, तरी लिहितेय, कारण चिडलेय.

आता माझा ड्रॉवर. तुम्ही सगळे त्याला म्युझियम म्हणता ते मला माहितीये. मागच्या मीटिंगला विषय निघाला की जागा कमी पडतेय, तिघांना बेंच हवंय आणि एक जण अख्खा ड्रॉवर भंगाराने भरून बसलीय. मी म्हटलं भाडं वाढवा पण हात लावायचा नाही. हट्टीपणा आहे, मान्य. पण मी जिथे शिकले तिथे रोज संध्याकाळी तराजू निघायचा. सकाळी जेवढा धातू दिला तेवढा परत, तयार माल अधिक फसलेले तुकडे अधिक कीस, वजन जुळलं की फसलेलं सगळं मुशीत. त्यांच्या बाजूने चूक नव्हतं, धातू त्यांचा, पैसा त्यांचा. पण त्याचा परिणाम असा की माझ्या सुरुवातीच्या काळातलं काहीही, एकही वस्तू, आज माझ्याकडे नाही. विकलं गेलं ते गेलं आणि फसलं ते वितळलं. मी कशी शिकले हे मला स्वतःलाच धड माहीत नाही. तू विचारतोस "ताई, हे असं का होतं" तेव्हा कितीतरी वेळा माझा हात उत्तर देतो आणि तोंडाला सापडत नाही, मग मी "दे इकडे" म्हणून तुझ्या हातातून पीस घेते. तुला वाटतं मी तुसडी आहे. तर मग मी तो ड्रॉवर का धरून बसलेय ते आता तरी समजून घे.

आणि हो, माझा माल कमी निघतो. तेही कानावर येतं. कमी निघतो कारण मी फसलेल्या पीसशी बसते. ज्याला भराभर काढायचंय त्याने काढावं, माझं काही म्हणणं नाही. (म्हणणं आहे, पण ते तुझ्याशी नाही.)

एक गंमत सांगते. एट्रुस्कन लोक अडीच हजार वर्षांपूर्वी सोन्यावर सोन्याचे धुळीसारखे बारीक दाणे बसवायचे, असे की जोड दिसतच नाही. नंतर ती विद्याच गेली. एकोणिसाव्या शतकात रोममधल्या कास्तेलानी या सोनार घराण्याने त्याचा ध्यास घेतला, सुंदर काम केलं, तरी ते पुरतं साधलं नाही. शेवटी 1933मधे लिटलडेल नावाच्या इंग्रज कारागिराने पेटंट घेतलं, तांब्याचं संयुग आणि गोंद लावून दाणा चिकटवायचा, तापवलं की गोंदाचा कार्बन होतो, तांबं मोकळं होऊन फक्त टेकलेल्या ठिकाणी सोन्यात मिसळतं आणि दाणा बसतो. सोल्डरचं नावच नाही. मी हे वाचते तेव्हा मला नेहमी वाटतं, त्या जुन्या कारागिरांच्या फसलेल्या दाण्यांचा एक डबा कुठे सापडला असता तर! अर्धवट चिकटलेले, ओघळलेले, काळे पडलेले. त्यावरून किती लवकर कळलं असतं. पण सोनं होतं ना, कोण ठेवणार.

तर, कसं ठेवायचं ते सांगते, फार काही नाही. दोऱ्याने चिठ्ठी बांध. पट्टी किती जाड, सोल्डर हार्ड, मीडियम की ईझी, ज्योत कुठून धरली, आणि तुझ्या मते काय बिघडलं. हे शेवटचं लिहायचंच, चुकीचं असलं तरी. नंतर वाचशील तेव्हा हसू येईल, येऊ दे. जांभळट राखाडी डाग पॉलिश करूनही जात नसेल तर लिही की फार वेळ तापवत बसलो, आतलं तांबं काळवंडलं. अख्खा पीस गुलाबी होऊन बाहेर आला तर लिही की ॲसिडच्या पाण्यात कुणीतरी लोखंडी चिमटा घातला, आणि ते कुणीतरी बहुधा तूच असतोस, तांब्याचा चिमटा तिथेच टांगलेला असतो. अंगठी मापाला लहान झाली तर तेही लिही. आतला व्यास अधिक पट्टीची जाडी, गुणिले 3.14, म्हणजे 17 मिलिमीटर आतून हवी आणि पट्टी दीड मिलिमीटरची असेल तर 58 च्या जरा वर कापायची. तू नुसतं 17 ने गुणतोस आणि मग मँड्रेलवर, म्हणजे अंगठी चढवायच्या निमुळत्या सळईवर, ठोकून ठोकून मोठी करतोस.

आणि किती दिवस ठेवायचं, तर माझा नियम असा आहे की तोच दोष मुद्दाम, सांगून, परत करून दाखवता आला की त्या पीसची सुट्टी. "बघा ताई, आता ही भिंत मी डाव्या बाजूला खाली बसवतो", आणि बसवलीस, की खुशाल दे रिफायनरला. तोवर नाही. मला अजून काही करता येत नाहीत, म्हणून ड्रॉवर भरलेला आहे.

सोन्याचं म्हणशील, तर हो, सोनं कुणालाच असं ठेवणं परवडत नाही, मलाही नाही. म्हणून तर चांदीत आणि त्याच्याही आधी तांब्यात फसून घे. मात्र चांदीतलं सगळं सोन्याला लागू होत नाही. चांदी उष्णता इतकी पटकन पसरवते की अख्खा पीस तापवावा लागतो, 18 कॅरेट त्या मानाने एका जागी तापवता येतं. ते पुढे बघू.

आता तुझे बाकीचे प्रश्न. कॅड शीक, कोण नाही म्हणतंय, पण कास्टिंग होऊन आलेल्या पीसलाही जोड असतातच, कधी भोकं निघतात, तीही बुजवावी लागतात, तेव्हा टॉर्चपासून पळायला म्हणून शिकणार असशील तर नको. वेगळी खोली मुळीच नको. तिथे तुझं फसलेलं बघायला कोणीच नसेल आणि मूस हाताशी असेल. शेजारच्याला एकदा विचार की त्याचे फसलेले कुठे आहेत. दाखवले तर त्याच्याकडून शिक, माझ्यापेक्षा बरं शिकवेल. नाही दाखवले तर त्याच्या स्पीडचं टेन्शन घेणं सोड.

ती लगड रोल करू नकोस, सरळ रिफायनरच्या डब्यात टाक. आणि सोमवारी नवीन भिंत कापून आण, पण जोडू नकोस, आधी उजेडासमोर धरून बघू पट्टीवर टेकते का. तुझं भिंगही घेऊन ये, माझं कुणीतरी ढापलंय.