तेरा हजारांचा लॅपटॉप घ्यावा का?

प्रश्न : आमचा बायकांचा बचत गट आहे. वहीतले हिशेब आता कॉम्प्युटरवर घ्यायचेत. मुलगी अकरावीला आहे, तिचा अभ्यास आणि शिष्यवृत्तीचे अर्जही त्यावरच होतील. तालुक्याच्या दुकानात कंपनीतून आलेला जुना लॅपटॉप १३ हजारांना मिळतोय. इंटेलची आय५ चिप, सहावी पिढी, ८ जीबी रॅम. दुकानदार म्हणतो, विंडोज क्रॅक करून देतो. थोडे पैसे घातले तर नवा छोटा लॅपटॉपही येतो. भाची म्हणते विंडोजऐवजी लिनक्स टाका, फुकट आहे. आम्हाला झेपेल का?
(एक वाचक, जि. सांगली)

उत्तर : ताई, पहिल्यांदा दुकानदाराला सांगा, क्रॅक, म्हणजे परवान्याशिवाय फसवून चालू केलेलं विंडोज, नको. ते टाकताना बहुतेक वेळा अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि त्यासोबत आणखी काय आत शिरलं ते त्या दुकानदारालाही कळत नाही. त्याच मशीनवर तुमच्या गटाचं बँक खातं उघडणार, सगळ्याजणींच्या आधार कार्डांचे फोटो असणार. दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या मशीनवर चोरीचं सॉफ्टवेअर असू नये.

खरं तर कंपन्यांतून आलेल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये विंडोजचा परवाना मदरबोर्डातच असतो, अस्सल विंडोज १० टाकलं की ते आपोआप चालू होतं. पण विंडोज १०च्या नेहमीच्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ला संपल्या. विंडोज ११ला इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची चिप लागते. पिढी स्टिकरवर विसंबून ठरवू नका, मशीन चालू करून चिपचा पूर्ण नंबर बघा : आय५-६३०० म्हणजे सहावी, आय५-८२५० म्हणजे आठवी. तुमच्यासमोरचं मशीन सहावीतलं आहे, तेव्हा त्यावर लिनक्सच बरं. भाचीचं बरोबर आहे.

नव्या छोट्या लॅपटॉपच्या नादी लागू नका. त्या किमतीत बहुधा ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण मिळते. विंडोज ११ची किमान अटच तेवढी आहे, म्हणजे पहिल्या दिवसापासून ते मशीन धापा टाकणार. शिवाय त्यात रॅम आणि साठवण बोर्डावरच डकवलेली असते, पुढे वाढवता येत नाही. जुन्या कंपनी लॅपटॉपचं मागचं झाकण स्क्रू काढले की उघडतं. आत हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवून मागा. वेगात सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडतो.

लिनक्सचे बरेच प्रकार आहेत, त्यातलं मिंट घ्या. पडद्याची मांडणी विंडोजसारखी आहे आणि मिंट २२ला २०२९पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. महाडीबीटीचा अर्ज, आपले सरकारवरचे दाखले, यूट्यूबवरचे तास हे सगळं ब्राउझरमध्ये चालतं, फायरफॉक्सला खाली विंडोज आहे की लिनक्स याने फरक पडत नाही. गटाचा हिशेब लिबरऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ठेवा : सभासद, मासिक बचत, दिलेलं कर्ज, आलेला हप्ता, व्याज. एक्सेलची फाइलही त्यात उघडते. हे मराठीतून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल नावाचे व्हिडिओ आहेत, फुकट.

मराठी टायपिंगसाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट ही अक्षरांची मांडणी जोडा. के दाबलं की क, एल दाबलं की त, एन दाबलं की ल, आणि शिफ्ट धरून एन दाबलं की ळ. मुलीला फोनवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल तर त्याच यादीत ध्वनीनुसार चालणारी मांडणीही आहे. एक अडचण मात्र येईल. विंडोजवर मंगल फॉन्टमध्ये केलेलं पत्र इथे उघडलं की ओळी सरकतात, एका पानाची दोन पानं होतात, कारण मंगल लिनक्सवर नसतो. म्हणून पंचायत समितीला किंवा बँकेला काही पाठवताना पीडीएफ करूनच पाठवा.

पैसे देण्याआधी भाचीला ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट घेऊन दुकानात न्या. ते पेनड्राइव्हवरूनच चालतं, लॅपटॉपातलं काही पुसलं जात नाही. वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, एवढं तिथेच बघा. प्रिंटर घ्यायचा असेल तर मॉडेल लिनक्सवर चालतं याची खात्री करून मगच घ्या. कॅनन एलबीपी २९०० आपल्याकडे गल्लोगल्ली आहे, पण त्याचा लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, वेगळा उतरवून बसवावा लागतो आणि नवख्या माणसाला ते जड जातं.

आणि भाची जवळ राहते ना? कोल्हापुरात माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्यांपैकी लिनक्स टिकलं ते अशाच घरांत, जिथे अडल्यावर हाक मारायला कुणीतरी होतं. केरळच्या सरकारी शाळांत मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकताहेत, पण तिथे शिक्षकांना आधी शिकवलं गेलं. तुमच्या घरी ते काम भाचीचं.

प्रश्न : मी करसल्लागाराकडे काम करतो. टॅली आणि डिजिटल सहीचं यूएसबी टोकन रोज लागतं. घरी स्वस्तात लिनक्स मशीन घेऊ का?
(एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : नको. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेलं आहे. टोकनची लिनक्स सॉफ्टवेअरं मिळतात, पण विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला ती जुळवत बसणं तुम्हाला परवडणार नाही. आठव्या पिढीचा जुना लॅपटॉप अस्सल विंडोज ११सह घ्या. साहेबांकडच्या जुन्या फाइली श्रीलिपीत असतील तर तो फॉन्टही सोबत मागून घ्या, नाहीतर मराठी पत्रांच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतील.