रुंद स्की कोणी घ्यावी आणि कशी चालवावी?

मागील अंकात हिमालयातील हिवाळी प्रवासाविषयी लेख आल्यानंतर स्कीइंगबद्दल विचारणा करणारी बरीच पत्रे आली. त्यांपैकी बहुतेकांचा रोख रुंद, म्हणजे भुसभुशीत ताज्या बर्फासाठी बनवलेल्या स्कीवर असल्यामुळे या वेळचे सदर आम्ही त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी गुलमर्ग येथे स्कीइंगचे प्राथमिक व मध्यम असे दोन्ही अभ्यासक्रम पूर्ण केले असून येत्या फेब्रुवारीत पुन्हा आठ दिवसांसाठी जाणार आहे. या वेळी स्वतःची जोडी घ्यावी असा विचार आहे. दुकानदाराने कमरेला, म्हणजे बुटाखालच्या भागात, ११८ मिलिमीटर रुंद असलेली जोडी सुचवली आणि ‘जितकी रुंद तितकी चांगली’ असे सांगितले. माझे वजन ६२ किलो व उंची १६५ सेंटिमीटर आहे. काय करावे? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे एका विशिष्ट सकाळपुरते खरे आहे. रात्रभर बर्फ पडून गेलेला आहे, वारा नाही आणि उतारावर अजून कोणाची रेघ उमटलेली नाही, अशा सकाळी ११८ ची जोडी पायाखाली असणे हे सुखच आहे. परंतु आपल्या आठ दिवसांत अशा सकाळी किती मिळतील, याचा विचार आधी करायला हवा. काश्मीरमधील हिवाळी बर्फ मुख्यतः पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवामानाच्या लाटांमुळे, पडतो आणि हे विक्षोभ मध्ये उघडीप देत येतात. कधी दोन दिवसांत कमरेएवढा बर्फ साचतो, तर कधी उघडीपच लांबते. २०२४ च्या जानेवारीत महिना संपत आला तरी गुलमर्गचे उतार जवळजवळ कोरडे होते.

दुसरी गोष्ट उंचीची. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि गोंडोलाचा, म्हणजे तारेवरून चालणाऱ्या पाळण्याचा, दुसरा टप्पा आपल्याला अफरवट पर्वताच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो. वरून खालपर्यंतच्या तेराशे मीटरच्या एकाच उतरणीत माथ्याजवळ वाऱ्याने ठोकून घट्ट केलेला बर्फ, आडोशाच्या घळीत किंवा झाडांच्या सावलीत टिकून राहिलेला मऊ बर्फ आणि गावाजवळ दुपारच्या उन्हाने जड झालेला ओला बर्फ असे तिन्ही प्रकार लागू शकतात. पायातली स्की मात्र तीच असते. म्हणून निवड उत्तम बर्फाकडे पाहून करू नये, सर्वाधिक वेळ जो बर्फ लागणार त्याकडे पाहून करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

स्कीच्या कमरेची रुंदी म्हणजे बुटाखालच्या सर्वांत अरुंद भागाची रुंदी होय. दाबून सपाट केलेल्या उतारांसाठीच्या स्की साधारण ७० ते ८५ मिलिमीटर, सगळीकडे बऱ्यापैकी चालणाऱ्या ८५ ते १००, आणि खास पावडरसाठीच्या, म्हणजे भुसभुशीत ताज्या बर्फासाठीच्या, ११० च्या पुढे असतात. पावणेदोन मीटर लांबीच्या स्कीची रुंदी दहा मिलिमीटरने वाढवली की प्रत्येक पायाखाली सुमारे १७५ चौरस सेंटिमीटर जास्त पृष्ठभाग येतो आणि तेवढ्याने तरंगणे सोपे होते. परंतु किती पृष्ठभाग लागेल हे वजनावर अवलंबून असते. नव्वद किलोच्या माणसाला जे ११८ देते, ते आपल्या ६२ किलोला १०५ च्या स्कीवर सहज मिळून जाते. हे गणित दुकानात सहसा कोणी मांडत नाही.

रुंदीची किंमत मोजावी लागते ती कडक बर्फावर. बुटाचा तळ पुढच्या बाजूला साधारण सत्तर मिलिमीटर रुंद असतो. ११८ च्या स्कीवर धातूची कड त्याच्याही बाहेर दोन्हीकडे जवळजवळ अडीच सेंटिमीटर जाते. कडेवर उभे राहताना बर्फाचा दाब पायाच्या सरळ रेषेत न येता बाहेरून येतो, स्की पुन्हा सपाट होऊ पाहते आणि तिला तिरपे धरून ठेवण्याचा सगळा ताण घोटा व गुडघा यांच्यावर पडतो. एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायलाही वेळ लागतो. सकाळी नऊच्या गोठलेल्या उतारावर हे फार जाणवते.

आपण ९८ ते १०६ मिलिमीटर कमरेची, १७० ते १७६ सेंटिमीटर लांबीची जोडी पाहावी. तिचे पुढचे टोक लांबवर हळूहळू उचललेले असावे, ज्याला रॉकर म्हणतात. बुटाखाली थोडी कमान, म्हणजे कॅम्बर असावी. आणि मागचे टोक किंचितच उचललेले असावे. रॉकरमुळे कडक बर्फावर स्कीचा पुढचा भाग टेकतच नाही व ती आखूड भासते, म्हणून लांबी उंचीपेक्षा थोडी जास्त घेतलेली चालते. कार्बनच्या अतिहलक्या जोड्या चढाईसाठी उत्तम असतात, पण तुडवलेल्या बर्फात त्या हेलकावतात. गोंडोलाने वर जाणाऱ्याने थोडे वजन पत्करलेले बरे. खास पावडरच्या दिवसासाठी ११५ ची जोडी गुलमर्गमध्येच एका दिवसाच्या भाड्याने घ्यावी आणि बर्फ पडू लागताच आदल्या संध्याकाळी दुकानात सांगून ठेवावे, कारण सकाळी सगळेच तिच्या मागे असतात.

खर्चाचा क्रम विचारला असता तर आम्ही बूट आधी सांगितले असते. सैल बुटात कोणतीही स्की नीट वळत नाही, आणि रुंद तर नाहीच. बाइंडिंगचे, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या खटक्याचे, ब्रेक स्कीच्या कमरेएवढे किंवा त्याहून जेमतेम सेंटिमीटरभर रुंद असावेत, आणि पडताना किती ताण आल्यावर बूट स्कीपासून सुटावा हे ठरवणारा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी व कौशल्य पाहून जाणकार तंत्रज्ञाकडूनच लावून घ्यावा.

प्रश्न : मी पर्यटकांना समुद्रातील जलक्रीडा शिकवतो, त्यामुळे तोल सांभाळणे मला नवे नाही. तरीही गुलमर्गच्या ताज्या बर्फात माझ्या स्कीची टोके सतत आत घुसत होती आणि दुपारपर्यंत मांड्या भरून आल्या. एका प्रशिक्षकाने ‘मागे रेला’ असे सांगितले, दुसऱ्याने ‘अजिबात रेलू नका’ असे. कोणाचे ऐकावे? बर्फ बदलला की उभे राहण्याची पद्धतही बदलावी का? — एक वाचक, मालवण

उत्तर : दुसऱ्याचे ऐकावे. पहिल्याचा सल्ला जुन्या, सरळ व अरुंद स्कीच्या काळातला आहे आणि त्या काळी तो अगदीच चुकीचा नव्हता. चिखलणीनंतर शेत सपाट करण्यासाठी बैलांमागे ओढल्या जाणाऱ्या फळीवर उभा राहिलेला गडी आपण पाहिला असेल. फळीची पुढची कड जरा उचललेली राहिली तर ती चिखलावरून सरकते. तो पुढे झुकला तर कड चिखलात रुतते, आणि फारच मागे गेला तर फळी उभी होऊ पाहते. जुन्या स्कीवर ती कड अंग मागे टाकून उचलावी लागे. रॉकर असलेल्या स्कीत ते काम कारखान्यातच करून दिलेले असते. आपण त्यावर आणखी मागे रेललो तर टोकांवरचा ताबा सुटतो आणि अंगाचा सगळा भार मांड्यांच्या स्नायूंवर येतो. मांड्या भरून येणे ही त्याचीच खूण आहे.

आपल्या व्यवसायाशी संबंधित म्हणून सांगतो, आजच्या पावडर स्कीचा आकार काही अंशी पाण्यावरूनच आला आहे. शेन मॅकॉन्की या स्कीपटूने पाण्यावरच्या स्कीची कल्पना खोल बर्फाला लावली आणि २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत व्होलंट कंपनीने त्याच्या आराखड्यावरून ‘स्पॅच्युला’ ही स्की बाजारात आणली. ती मध्ये रुंद, टोकांकडे निमुळती आणि दोन्ही टोकांना वर वळलेली, म्हणजे रूढ स्कीच्या नेमकी उलट होती. कडक उतारावर ती त्रासदायकच असे, पण खोल बर्फात स्की कडेवर कापत न्यावी लागत नाही, ती आडवी घसरवत वळवता येते, हे तिने दाखवून दिले.

ताज्या बर्फात दोन्ही पायांवर सारखा भार ठेवावा. सपाट उतारावर बाहेरच्या पायावर जोर देण्याची जी सवय आपल्याला शिकवली जाते, तीच येथे एक स्की बुडवते. पाय नेहमीपेक्षा थोडे जवळ, घोटे वाकलेले, नडगी बुटाच्या जिभेला हलकी टेकलेली आणि हात समोर दिसतील असे असावेत. वळण सुरू करण्याआधी उताराच्या सरळ दिशेने थोडा वेग घेऊ द्यावा, कारण तरंगणे पृष्ठभागाइतकेच वेगावर अवलंबून असते. भीतीने वेग मारत राहणारा माणूसच सर्वाधिक बुडतो. त्यानंतर दोन्ही स्की एकाच फळीसारख्या सावकाश वळवाव्यात. झटका देऊ नये.

दुपारनंतर तोच उतार इतरांनी तुडवलेला असतो. मऊ ढीग आणि घासलेले चर यांची सरमिसळ झालेल्या या बर्फात पाय थोडे फाकवून, गुडघे स्प्रिंगसारखे सैल ठेवून, वळणे मोठी व कमी घ्यावीत. ढीग दिसला की स्की आडवी करण्याचा मोह होतो, पण आडवी स्की ढिगात अडकते आणि सरळ स्की त्यातून पार होते.

वाऱ्याने बसलेला बर्फ दुरून गुळगुळीत व निस्तेज दिसतो आणि काठीने टोचल्यास वरचा थर घट्ट व आत पोकळी असल्यासारखा लागतो. त्यावर वेग अचानक कमी-जास्त होतो, म्हणून वजन मध्यावर घट्ट ठेवावे. आणि असा थर हिमस्खलनाची पूर्वसूचनाही असू शकतो, त्याविषयी पुढे लिहिले आहे. सर्वांत कठीण म्हणजे उन्हाने वितळून रात्री गोठलेला, पाय दिला की मोडणारा पापुद्रा. त्यात मागची टोके अडकून राहतात आणि स्की वळतच नाही. गुडघ्याच्या दुखापतींना येथे निमंत्रण असते. निमुळत्या टोकांची रुंद स्की येथे थोडी मदत करते, परंतु प्रामाणिक सल्ला असा की तेथे शैलीचा आग्रह सोडून द्यावा, आडवे-तिडवे घसरत, थांबून दिशा बदलत उतरावे आणि दुसरा उतार शोधावा. मार्चमधील ओल्या बर्फावर मात्र वेळच सगळे ठरवते. सकाळी उशिरा, वरचा इंचभर थर नरम झाला की तो सुरेख असतो. दुपारी तळ चिकटू लागतो, तेव्हा उष्ण तापमानासाठीचे मेण लावलेले नसल्यास रुंद स्कीचा मोठा तळ उलट जास्तच ओढतो.

जाता जाता एक छोटी गोष्ट. खोल बर्फात पडल्यावर सुटलेली स्की पृष्ठभागाखाली सरकत जाते आणि तासभर खणूनही सापडत नाही. बाइंडिंगला दीड-दोन मीटरची भडक रंगाची फीत बांधून ती पँटच्या पायघोळाखाली दुमडून ठेवावी. पडल्यावर ती उलगडून वर राहते.

प्रश्न : उत्तराखंडमधील औलीला स्कीइंग शिकायला प्रथमच जाणार आहे. रुंद स्कीवर तोल लवकर येतो असे ऐकले, ते खरे आहे का? — एक वाचक, दापोली

उत्तर : नाही. नवशिक्या माणसाला दाबलेल्या उतारावर कड लावायला शिकायचे असते, आणि त्यासाठी ७० ते ८० मिलिमीटरची, हनुवटीपर्यंत येणारी आखूड, लवचिक स्की योग्य. ती तेथे भाड्याने घ्यावी. विकत घेऊ नये.

प्रश्न : रुंद स्की बर्फावर वजन पसरवते, म्हणून ती वापरल्यास हिमस्खलनाचा धोका कमी होतो का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : हा समज धोकादायक आहे. कमकुवत थरावर बसलेला बर्फ एका माणसाच्या भाराने सुटण्याच्या बेतात असेल, तर स्कीच्या रुंदीतील दोन-तीन सेंटिमीटरचा फरक त्याला थोपवत नाही. उलट रुंद स्कीमुळे खोल बर्फात उतरणे सोपे होते आणि कौशल्य नसलेली माणसेही तेथे पोहोचतात. बहुतेक हिमस्खलने तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर सुटतात, आणि स्कीसाठी आवडते उतारही नेमके तेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या वरच्या भागात एका परदेशी स्कीपटूचा असाच मृत्यू झाला होता. गस्ती पथकाने बंद ठेवलेल्या भागात जाऊ नये. उघड्या भागातही स्थानिक मार्गदर्शक, प्रत्येकाच्या अंगावर शोधयंत्र, पाठीवर फावडे व शोधकाठी आणि ती वापरण्याचा सराव हवा. गाडलेला माणूस जिवंत सापडण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते, त्यामुळे सोडवणारे सोबतीच असावे लागतात.

प्रश्न : गेल्या वर्षी घेतलेली माझी स्की पावसाळ्यानंतर बाहेर काढली तर कडा तांबूस झालेल्या आणि बुटांना बुरशी आलेली. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. काय काळजी घ्यावी? — एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : स्कीच्या कडा गंजरोधक पोलादाच्या नसतात, त्यामुळे खाऱ्या दमट हवेत त्या काही आठवड्यांत गंजतात. वरवरचा गंज कडांसाठी मिळणाऱ्या रबरी घर्षणवडीने हलक्या हाताने निघून जातो. कोयते-विळ्यांना धार लावणाऱ्याकडे मात्र स्की देऊ नये. त्याच्या चाकावर कड तापून नरम पडते आणि तिचा ठरवून दिलेला कोन कायमचा बिघडतो.

परत आल्यावर स्की गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवावी. मग वाफेची छिद्रे नसलेल्या जुन्या इस्त्रीने तळावर मऊ मेणाचा जाड थर वितळवून पसरावा आणि तो दोन्ही कडांवरूनही ओघळू द्यावा. इस्त्री सतत फिरती ठेवावी. मेणातून धूर निघू लागला तर ती फार तापली आहे असे समजावे. हा थर पुढच्या प्रवासापर्यंत खरवडू नये, कारण पावसाळाभर तोच कडांचे झाकण असतो. प्रवासाची पिशवी आतून ओली असते, म्हणून स्की तीत बंद करून ठेवू नये. पत्र्याखालचा माळाही टाळावा, कारण मे महिन्यातील उष्णतेने आतील थरांचा चिकटपणा कमी होऊ शकतो. आतल्या खोलीत, भिंतीला न टेकवता, जमिनीपासून उंच ठेवणे चांगले. बुटांचे आतले अस्तर काढून सावलीत वाळवावे, अस्तर व बाहेरचे कवच दोन-तीन दिवस वेगवेगळे ठेवावे आणि मग बकला सैल लावून ठेवावीत, म्हणजे कवचाचा आकार बिघडत नाही. अस्तरात ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या घालाव्यात आणि गणपतीच्या आधी घर झाडाल तेव्हा त्या बदलून, कडांवर कोठे मेण सुटले आहे का, तेही पाहून घ्यावे.