घोडेस्वारीच्या पहिल्या खरेदीविषयी

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या यादीत खोगीर, चाबूक आणि गुडघ्यापर्यंतचे चामडी बूट सर्वांत वर आहेत आणि हेल्मेट अगदी शेवटी, तेही ‘घरातले दुचाकीचे चालेल’ अशा टिपणीसह. ही यादी उलटी कर, हे सांगण्यासाठी मुद्दाम लिहीत आहे. होळकरांच्या इंदुरात वाढलेल्या मुलीला खोगिराचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे; पण खोगीर घोड्याच्या पाठीच्या मापाचे असावे लागते आणि ते घोडेस्वारीच्या वर्गाकडून मिळते, म्हणून त्यावर आज एक रुपयाही घालवू नकोस.

पहिला खर्च हेल्मेटचा, आणि तो करताना हात आखडता घेऊ नकोस. दुचाकीचे हेल्मेट जड असते, त्याने मानेवर ताण येतो आणि कान झाकले गेल्याने शिक्षकांची सूचना नीट ऐकू येत नाही. घोडेस्वारीसाठीच बनवलेले, आत ‘एएसटीएम एफ ११६३’ (अमेरिकी) किंवा ‘व्हीजी १’ (युरोपीय) यांसारख्या सुरक्षा-मानकाचा शिक्का असलेले हेल्मेट घे. भुवयांच्या वर बोटभर जागा सोडून डोक्याभोवती टेप फिरव आणि सेंटिमीटरमध्ये माप लिहून ठेव. केस मानेवर सैल बांध, कारण अंबाड्यामुळे हेल्मेट वर उचलले जाते. ते घालून, पट्टा न लावता, मान हलवली तर कपाळाची कातडी त्याच्याबरोबर सरकली पाहिजे. हेल्मेट नुसते फिरले, तर ते मोठे आहे. कोणाचे वापरलेले मात्र फुकट मिळाले तरी घेऊ नकोस. आतला फोमचा थर स्वतः दबून आघात झेलतो आणि एकदा दबला की पूर्ववत होत नाही. बाहेरून चरा दिसत नसला तरी ते हेल्मेट निकामी झालेले असू शकते. याच कारणाने, डोके आपटले तर तुझेही बदलावे लागेल. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत ते कधीही ठेवू नकोस.

त्यानंतर बूट. पाय रिकिबीतून, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवण्याच्या कडीतून, पलीकडे निसटला आणि त्याच क्षणी तू पडलीस, तर घोडा तुला फरपटत नेईल. ही भीती खरी आहे आणि म्हणूनच सुमारे एक इंचाची टाच हवी. बुटाचा तळ जवळजवळ गुळगुळीत असावा, म्हणजे पाय अडकणार नाही. घोट्यापर्यंतचे साधे बूट पुरतात, खेळाचे बूट चालत नाहीत. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, मोजे घालून माप दे.

बाकीचे निभावून नेता येते. जीन्सची जाड शिवण मांडीला सोलते, त्यामुळे ताणली जाणारी, आतून शिवण नसलेली विजार घाल आणि ओढणी घरी ठेव. एप्रिल-मेच्या घामात लगाम हातातून सरकतो, तेव्हा पातळ हातमोजे घे. चाबकाचा विचार शिक्षक सांगतील तेव्हाच कर.

हेल्मेट आले की पहिल्या तासाला पट्टा शिक्षकांकडून बसवून घे आणि बरोबर बसत नसेल, तर परत करण्याची मुदत संपण्याआधी मला कळव.

तुझा काका